पंधरा मिनिटं

अकरा वर्षं ती अ‍ॅम्ब्युलन्सवर होती. गाडीत पेशंटशेजारी बसायचं, नाडी बघायची, ऑक्सिजन लावायचा. सगळे तिला ताईच म्हणत. गाडी चालवणारे मामा म्हणायचे, "आपला पगार आणि पेशंटची नाडी, दोन्ही शोधावी लागतात."

ड्यूटी आठची. गाडी तपासायला मात्र पावणेआठला यावं लागे, आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार नव्हता. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, पैसे नाहीत तर लवकर येणं नाही. ताईनंही मान डोलावली.

एका मंगळवारी ती आठला पोचली तर कॉल आलेलाच. 'तपासणी केली' असं छापलेल्या रकान्यात तिनं सही ठोकली आणि गाडीत चढली. पेशंट एक निवृत्त मास्तर, धाप लागलेली, सोबत मुलगी. अर्ध्या वाटेत ऑक्सिजन संपला. दुसरा सिलिंडरही रिकामाच. हॉस्पिटलला पोचेपर्यंत ती तोंडाला लावलेली रबरी पिशवी हातानं दाबून श्वास देत राहिली. मास्तर तासाभरात गेले.

"तसेही वाचले नसते बहुधा," डॉक्टर म्हणाले.

चौकशी लागली. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सिलिंडर भरणं स्टोअरचं काम. तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"सही माझी आहे."

"सही काय, सगळेच करतात!"

"हो. पण मी बघितलं नव्हतं."

तिनं तसंच लिहिलं. आपलं अक्षर आज बरं आलंय, एवढंच तिच्या मनात आलं.

तीन महिने घरी बसवलं, वेतनवाढ रोखली. नवरा म्हणाला, "खरं बोलून पदरात काय पडलं?"

"भाजी करपतेय," ती म्हणाली.

तपासणीला पगारी वेळच नाही, याचा पुरावा म्हणून तिचा जबाब युनियननं वर नेला आणि ती पंधरा मिनिटं ड्यूटीत धरली गेली. ती परत रुजू झाली त्या दिवशी सगळ्यांनी तिला चहा पाजला. मामांचे डोळे भरून आले. तिला मात्र चहा गोड होता की नव्हता, तेही कळलं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती मास्तरांच्या घरी गेली. मुलीनं ओळखलं, आत घेतलं. ताईनं घडलं ते सगळं सांगितलं.

मुलगी म्हणाली, "हे मला कशाला सांगताय?"

 ताई उठली. मुलीनं दार उघडून धरलं, आणि ताई जिना उतरून खाली येईपर्यंत ते लागल्याचा आवाज आला नाही.