उस्तादाच्या एकसारख्या घुंड्या

कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला उस्ताद. हे नाव त्याला कुणी दिलं विचाराल, तर त्यानेच. बाकीच्यांनी ते आळसाने चालू ठेवलं. बावीस वर्षं तो हाताच्या लेथवर पितळेचे छोटे भाग काढत होता आणि बावीस वर्षं ती काचेच्या खोलीत बसून ते मायक्रोमीटरने मोजत होती. हात वाईट नव्हता त्याचा. दहातले आठ पास व्हायचे. उरलेल्या दोनांचं खापर तो पितळेवर फोडायचा.

संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आल्यापासून त्याच्या तोंडाला नवीन काम मिळालं. डबा उघडला की सुरू. "बटण दाबायला काय अक्कल लागते? आमच्याकडे मिक्सर आहे, तोही बटणावरच चालतो." ते मशीन चालवणाऱ्याला त्याने बटणवाला हे नाव चिकटवलं. बटणवालाही कमी नव्हता. "यांचे दहा होईस्तोवर माझे सहाशे पडतात," म्हणायचा. चेकरबाईच्या लेखी दोघं सारखेच पोकळ. टूलची धार जाऊन माप हललं, तरी बटणवाला मशीनपुढे पाहुण्यासारखा उभा असे. तिचा फोन जाईपर्यंत त्याला पत्ता नसायचा.

अशात जुनी कपाटं दुरुस्त करणारं एक गिऱ्हाईक आलं. ड्रॉवरच्या पितळी घुंड्या हव्या होत्या, साठ. तशाच घुंड्या सीएनसीवर टोपलीटोपलीने पडत. पण याला हाताने केलेल्या हव्या होत्या. मालकांनी उस्तादाला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. पुढचा आठवडाभर तो छाती काढून चालत होता आणि घरी पाण्याचा पेला हातात मागत होता.

मंगळवारी त्याचा ट्रे तिच्या टेबलावर आला. पहिल्या एकोणीस घुंड्या ओळखीच्या निघाल्या: कुठे जास्त, कुठे कमी, दोन बाद. विसावीचा दांडा सहा मिलिमीटरला एक शतांश जास्त. एकविसावीचा तेवढाच. बाविसावीचाही. तिने मायक्रोमीटर पुसला, पुन्हा मोजलं. साठावीपर्यंत माप ढळलं नाही. मग तिने भिंग लावलं. प्रत्येकीच्या मानेवर एकाच जागी केसाएवढी रेघ. हीच रेघ तिने सकाळी सीएनसीच्या मालावर पकडली होती.

ती तडक बटणवाल्याकडे गेली.

"वहिनी, मला मध्ये ओढू नका," तो आधीच म्हणाला.

"घुंड्या कुणी दिल्या?"

"त्यांनीच मागितल्या. ते पण मला मदत करतात हो. टूल बोथट झालं की आवाजावरून सांगतात. मला नाही कळत."

"मग या रेघेचं का नाही सांगितलं त्यांनी?"

"तेव्हा ते घुंड्या निवडत होते."

तिला हसूही आलं नाही. चारचौघांत एकमेकांची लाज काढणारी ही दोन माणसं आडून एकमेकांच्या कुबड्या झाली होती, आणि दोघं मिळूनही धड एक कारागीर होत नव्हता.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मापात आहेत ना? मारा शिक्का. गिऱ्हाईकाला काय कळणार आहे, बाई?"

"मापात आहेत. पण कागदावर हाताच्या लिहिलंय. शिक्का हा घ्या, सही तुम्ही करा."

मालकांनी शिक्का हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. सहीचा विषय निघाला की त्यांचं धाडस नेहमीच ओसरायचं.

मग तिने ट्रे उस्तादाच्या लेथवर नेऊन ठेवला. "एक्केचाळीस परत."

"का? मापाबाहेर गेल्या?"

"एकही नाही. तुमच्या हातून कधी झाल्यात का अशा एकसारख्या?"

"आता एवढ्या वर्षांचा सराव म्हटल्यावर..."

"बावीस वर्षांत झाला नाही तो सराव आजच झाला?"

आजूबाजूची मशीनं चालू होती, पण माना वळल्या होत्या. उस्तादाने उगाच हँडल पुसलं. मग हळूच म्हणाला, "डायलवरच्या रेघा दिसत नाहीत गं मला. अंदाजाने कापतो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

तिला कीव यायला हवी होती. आला तो संताप. वर्षभर हा माणूस चाचपडत पितळ कापत होता आणि वर दुसऱ्याची अक्कल काढत होता.

"चष्मा का नाही केलात?"

"लोक म्हणतील, उस्तादाला दिसत नाही."

"आता चोर म्हणतील. ते शोभतंय का बघा."

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिला त्या शांततेचा त्रास झाला नाही. पाचव्या दिवशी तो काळ्या काड्यांचा चष्मा लावून कामावर आला आणि आधी स्वतःच्या एकोणीस घुंड्या दिव्याखाली घेऊन बसला. बराच वेळ बसला.

"या मी केल्यात?" त्याने विचारलं.

"तुम्हीच. चांगल्या होत्या त्या बटणवाल्याच्या."

त्याने सात घुंड्या उचलून भंगारात टाकल्या. त्यातल्या पाच तिने पास केलेल्या होत्या. तिला राग आला. रागाखाली कुठेतरी जरा बरंही वाटलं, पण ते तिने तोंडावर येऊ दिलं नाही. "मापात होत्या," एवढंच म्हणाली.

"असतील," तो म्हणाला. "घाण होत्या."

उरलेल्या घुंड्यांना त्याला अकरा दिवस लागले. प्रत्येक वेगळी, प्रत्येक मापात. तिने साठही मोजल्या आणि शिक्का मारला. खोक्यावर 'हाताने केलेल्या' असं मालकांनी स्वतः लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, हात त्यांचाच असल्यासारखं.