बत्ताशाची जमीन

शरच्चंद्र बारलिंग्यांना सारी वस्ती अण्णा म्हणायची. त्या म्हणण्यात माया थोडी आणि धास्ती फार. बेचाळीस साली, जगभर लढाई पेटलेली असताना, मिसरूड फुटायच्या आत ते जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले, आणि तेव्हापासून ज्याच्याशी म्हणून गाठ पडली त्याच्याशी एकदा तरी भांडले. फोरमनशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, नर्मदेच्या ग्वारीघाटावर वडिलांच्या दहाव्याला भटजीशी भांडले. कावळा शिवायला उशीर झाला, तोही म्हणे भटजीच्या उच्चारांमुळे. कामाला मात्र माणूस वाघ होता, खोटं कशाला बोला.

बासष्टच्या लढाईत कारखाना अहोरात्र चालला. त्या ओव्हरटाइमवर अण्णांनी कांचघर वस्तीच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घेतला. जमीन कसली, ढोरांचं चरणं ते. बाभळी, बोरी आणि खुरटं गवत. माती काळपट पिवळी, अंगाला लागली की सुटायचं नाव न घेणारी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की अण्णांच्या लेकीची, बेबीची चप्पल एका भेगेत गेली ती गेलीच. पावसाळ्यात तीच माती फुगायची आणि दारं चौकटीत अडकून बसायची. थंडीत जमिनीवर मिठासारखा पांढरा फुलोरा यायचा. खणलं की आत काचेसारखे चकचकीत पापुद्रे निघत. पण काच नव्हे, नखानं ओरखडा उठायचा त्यांवर. विहिरीचं पाणी कडवट. त्यात तुरीची दाळ दुपारपर्यंत रटरटली तरी दाताखाली कडक ती कडकच. अण्णांची बायको अनसूयाबाई दाळीपुरतं पाणी लांबच्या नळावरून डोक्यावर आणायच्या.

पाया खणताना एक गवळी म्हशी घेऊन जाता जाता थांबला होता. म्हणाला, "भैया, इहाँ तो बरसात में ढोर भी नहीं बैठते."

"ढोरों से पूछ के घर नहीं बनाते हम," अण्णांनी त्याला वाटेला लावलं.

घर उभं राहिलं. प्रत्येक वीट अण्णांच्या हातची. वर्षभरात स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. आधी केसाएवढा, मग बोट जाईल एवढा. अण्णांनी बुजवला, तो पुन्हा उघडला. आपण बांधलेल्या भिंतीला तडा जातो हेच मुळी त्यांना मान्य नव्हतं. म्हणजे कोणीतरी तो पाडत असणार. आणि त्या भिंतीपलीकडे राहत होता मोहन वैरागडे.

मोहनही त्याच कारखान्यातला, वयानं दहाएक वर्षांनी लहान, अबोल आणि अण्णांइतकाच हट्टी. कुंपणाशी त्यानं केळी लावल्या होत्या आणि त्या खडूस जमिनीत त्या जगवूनही दाखवल्या होत्या. वस्तीत कोणाकडे सत्यनारायण असला की खांब आणि पानं मोहनकडून जायची. आता केळीला पाणी लागतंच. अण्णांना तेवढं पुरलं.

त्यांनी मातीतला एक पापुद्रा कारखान्याच्या प्रयोगशाळेत दाखवून आणला. तिथला बाबू म्हणाला, हे जिप्सम. पाणी मुरत राहिलं की विरघळतं आणि जमिनीला आतून पोकळ करतं. अण्णा घरी आले ते दिवाळी असल्यासारखे. कुंपणावर उभे राहून ओरडले, "मोहन, ऐकून घे! ही जमीन नाही, बत्तासा आहे बत्तासा! तू पाणी टाकून राहिला अन् इकडं माझी भिंत खचून राहिली!"

"केळी माझ्या जागेत आहे, अण्णा."

"पाणी तुझ्या जागेत थांबते का?"

"मग भिंतीले विचारा, कोणतं पाणी पिते ते," मोहन म्हणाला आणि आत गेला.

त्या उत्तरानं अण्णा जे पेटले ते दोन वर्षं विझले नाहीत. शेगडीची राख, चुन्याची निवळी, जे हाताला येईल ते त्यांनी केळीच्या बुंध्यात ओतलं. संक्रांतीला अनसूयाबाईंनी मोहनच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नाही, असा हुकूम काढला. मोहननंही कसर ठेवली नाही. अण्णांच्या दारावरून जाताना तो मुद्दाम भरलेली बादली हातात घ्यायचा आणि हळूहळू चालायचा.

अनसूयाबाई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या होत्या, "अहो, आपल्या न्हाणीचं पाणी कुठं जाते ते पाहा ना एकदा. त्याच भिंतीखालून तर नाली आहे."

"ती नाली मी बांधली आहे," अण्णा म्हणाले, आणि ताट सरकवून उठले. पुन्हा अनसूयाबाईंनी विषय काढला नाही. काढून उपयोगही नव्हता.

आणि अण्णांची आंघोळ म्हणजे काय साधी आंघोळ! कारखान्यातून तेल-ग्रीस माखून आले की रामरक्षा म्हणत बादल्यांवर बादल्या रिचवत. तेल निघालं तरी आंघोळ थांबायची नाही. रामरक्षा संपली तर पुन्हा सुरू करत.

पासष्ट साल उजाडलं. सप्टेंबरात लढाई लागली, भोंगे वाजू लागले, खिडक्यांना काळे कागद चिकटले. दारूगोळ्याचं गाव, तेव्हा विमानांची धास्ती मोठी. घराघराला खंदक खणायचा हुकूम झाला. अण्णांच्या अंगात आलं. देशानं सांगितलं होतं, आता मोहन काय बोलणार! आपली भिंत आणि मोहनच्या केळी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतच त्यांनी खंदक आखला. बॉम्बचं नाव, आणि काम केळीचं पाणी तोडायचं. शिवाय मोहनच्या बाजूची ओली माती वस्तीला दाखवता येणार होती.

पाहणीला आलेला वॉर्डन म्हणाला, "दादा, दीवार से दूर खोदो. दीवार ही ऊपर आ गई तो बम की क्या ज़रूरत?"

"दीवार हमने बनाई है," अण्णा म्हणाले.

ते एकटेच खणत होते. कमरेइतकं खोल गेल्यावर त्यांनी केळीकडच्या बाजूला हात लावला. कोरडी. टणक. पापुद्रे उन्हात चमकत होते. मग वळून स्वतःच्या भिंतीकडच्या बाजूला हात लावला. ती पाझरत होती, आणि तिला साबणाचा वास होता.

माणूस मूर्ख नव्हता. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं होतं, असं मी छातीठोक सांगतो. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. दोन वर्षांचा राग हातात घेऊन माणूस उभा असतो, तो ठेवायचा कुठं? 'पाणी खालून ओलांडून आलं असेल,' असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि अजून खोल खणायला घेतलं.

परतीच्या पावसानं खंदक भरला. भिंतीखालची माती आधी फुगली, मग बसली. रात्रपाळी करून अण्णा सकाळी घरी आले. अनसूयाबाई चहा ठेवत होत्या. अण्णांनी पंचा नेसला, डोक्याला साबण फासला आणि रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या बादलीला भिंत गेली.

आवाज फार झाला नाही. स्वयंपाकघराची आणि न्हाणीची मिळून अख्खी भिंत बाहेर कलली आणि खंदकात जाऊन निजली. चूल, चहा, अनसूयाबाई जिथल्या तिथे. आणि शरच्चंद्र बारलिंगे, पंचा नेसलेले, फेसानं माखलेले, हातात तांब्या, उघड्या जगासमोर उभे. समोर केळीत मोहन. आवाज ऐकून वस्ती धावत आली. न्हाणीच्या फरशीखाली मांजर फिरेल एवढं भगदाड होतं, आणि अण्णांच्या आंघोळीचं फेसाळ पाणी सगळ्यांच्या देखत त्यात शिरत होतं.

कोणीतरी खुसकन हसलं. अनसूयाबाई म्हणाल्या, "मी सांगत नव्हती का? न्हाणी म्हणून सांगत नव्हती का?"

अण्णांनी तांब्या उगारला. कोणावर, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. पण त्या क्षणी त्यांच्या पुढ्यात बायकोच होती, आणि ती मागे सरली. हे मोहननं पाहिलं. तो खंदक ओलांडून आला, खांद्यावरचं घोंगडं अण्णांच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, "आधी अंग पुसा." अण्णांनी घोंगडं चिखलात फेकलं.

भिंत पुन्हा बांधली, नाली दुसरीकडे वळवली. सगळं निमूट. पण विचारणाऱ्याला अण्णा सांगू लागले, "आमची भिंत पासष्टच्या लढाईत गेली." वस्तीतले लोक तोंडावर काही बोलत नसत आणि पाठीमागे पोट धरून हसत.

पुढं एकाहत्तरची लढाईही सरली आणि बेबीला पाहायला नागपूरची मंडळी आली. अण्णांचा विरोध न जुमानता अनसूयाबाईंनी मोहनला बोलावलं होतं. मुलाच्या वडिलांची नजर नव्या-जुन्या विटांच्या सांध्यावर गेली, आणि अण्णांनी सवयीनं लढाई सांगितली. पाहुण्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली.

"जबलपूरवर बॉम्ब पडला होता? कधी वाचलं नाही जी."

बेबी दाराशी चहा घेऊन थबकली. बाप थापा मारतो, एवढं पाहुण्यांना कळलं असतं की सोयरीक तिथंच मोडली असती. अण्णांनी मोहनकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी मात्र पाहिलं.

"बॉम्ब नाही हो," मोहन शांतपणे म्हणाला. "पण खंदकानं पडली. सरकारचाच हुकूम होता. मी समोर उभा होतो ना."

पाहुण्यांनी बशी उचलली. लग्न ठरलं.

अण्णांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मोहननं सगळ्यांसमोर त्यांची अब्रू काढली असती तर त्यांना चाललं असतं. भांडता आलं असतं. सकाळी ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली होता.

"काल पाहुण्यांना न्हाणीचं काहून नाही सांगितलं?"

मोहन केळीला पाणी घालत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "सांगितलं असतं तर केळीवरचा आळ गेला असता, अन् त्यासंगं तुमचा माझ्यावरचा राग, अण्णा. मग तो वहिनींवर निघाला असता. त्या दिवशी तांब्या कोणावर उगारला होता, मी पाहिलं आहे. माझ्यावरच राहू द्या. मले सवय आहे."

अण्णा घरात आले. अनसूयाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं आणि उठून भिंतीकडे सरकल्या, जशा त्या गेली कित्येक वर्षं सरकत होत्या. आणि अण्णांना ते आज पहिल्यांदा दिसलं.