शंकाताईंनी अडवलेली चिप

चिप तपासणाऱ्या त्या बाईंना कंपनीत सगळे शंकाताई म्हणत. तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

नवी चिप नखाएवढी होती आणि तिच्यात चौसष्ट कोअर, म्हणजे एकाच वेळी आकडेमोड करणारे चौसष्ट मेंदू. शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला शरीराच्या आतलं चित्र दाखवणाऱ्या यंत्रात ती बसणार होती. या कोअरनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे, ती रचना शंकाताईंच्या धाकट्या दिराची होती. तोही त्याच कंपनीत, आणि घरी वरच्या मजल्यावर.

उत्पादन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चिप तापल्यावरही नीट चालते का हे बघायला गरम हवेच्या पेटीत चाचणी चालू असताना पडद्यावरचं चित्र गोठलं. दोन कोअर एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसले होते आणि बाकीचे त्यांच्यामागे खोळंबले होते. शंकाताईंनी चिप बंद करून पुन्हा चालू केली, तर सगळं सुरळीत!

"वहिनी, वायर हलली असेल," दीर म्हणाला.

"नाही हलली, भाऊजी. चिप पास म्हणून मी सही करणार नाही."

"एकदा अडकली म्हणून? सगळ्यांसमोर माझं नाक कापताय तुम्ही."

"आत सुरी चालू असताना चित्र थांबलं तर?"

तो दार आपटून गेला. साहेबांनी उत्पादन थांबवलं खरं, पण कपाळावर आठ्या घालूनच. त्यानंतर चिप काही केल्या अडकेना. कँटीनमध्ये शंकाताई आल्या की गप्पा बंद पडत. घरी जाऊबाई जिन्यात तोंड फिरवून जाऊ लागल्या. आपलंच तर चुकलं नाही ना, या विचारानं शंकाताईंना घास गोड लागेना.

एका दुपारी आपली रचना पुन्हा तपासून दीर प्रयोगशाळेत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "सगळ्या कोअरना मेमरीत एकाच जागी लिहायला लावा," एवढंच म्हणाला. शंकाताईंनी पेटी तापवली. थोड्या वेळानं चित्र गोठलं. मग तो उठला आणि थेट साहेबांकडे जाऊन म्हणाला, "चूक माझ्या रचनेत आहे."

दुरुस्त केलेल्या चिपचे नवे नमुने यायला बरेच महिने गेले. तोवर दीर घरी कामापुरतंच बोलत होता. नमुने आले तेव्हा दोघं पेटीसमोर उभी राहिली. चाचणी संपली. चित्र हलतं होतं. शंकाताईंनी पेन उचललं, तसा दीर म्हणाला,

"थांबा वहिनी. अजून थोडी तापवा."