पंचाहत्तर दसऱ्यांचा ऑइलपेंट

आमच्या गल्लीत भाईदास नानांना चहाला बोलवायचं असेल, तर आधी घरातल्या जुन्या वस्तू झाकून ठेवाव्या लागतात. नाना कप हातात घेतात, शोकेसकडे बघतात आणि विचारतात, "हे काय ठेवलंय?" आपण छाती फुगवून सांगावं, "आमच्या आजोबांची युद्धातली दुर्बीण." नाना ती उलटीपालटी करतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "घोड्यांच्या शर्यतीची आहे." मग उरलेला चहा सगळ्यांनी खाली मान घालून प्यायचा.

नाना मूळचे धुळ्याकडचे. टेलिफोन खात्याच्या नोकरीत जळगावला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. छंद एकच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांमधले रेडिओ ओळखायचे, उघडायचे आणि पुन्हा बोलते करायचे. कोणत्या जीपमध्ये कोणता सेट बसायचा, रणगाड्यात कोणता, हे नानांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या नातवंडांचे वाढदिवस मात्र बायकोला विचारावे लागतात.

असे खरे रेडिओ अख्ख्या खानदेशात किती असतील? नानांच्या मते चार. पण 'आमच्या आबांनी लढाईतून आणलेला रेडिओ' कमीत कमी दीडशे घरांत आहे. चार सोडून बाकीच्या घरांत नानांना दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही. धुळ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडचा 'विमानातला वायरलेस' म्हणजे दुधातली फॅट मोजायचं यंत्र निघालं. बोदवडला एका घरी 'रणगाड्याच्या भोंग्या'ला रोज ताजा हार घालायचे. नाना म्हणाले, "रेल्वेच्या कंदिलाची टोपी आहे, पण हार छान आहे."

"एखाद्या वेळी खोटं बोललात तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं.

"बोलतो की. तुमच्या मुलाच्या लग्नातलं जेवण छान होतं म्हणालो ना? माणसांबद्दल बोलता येतं. डब्याबद्दल बोलवत नाही."

त्या चार रेडिओंपैकी एक खुद्द नानांच्या मागच्या खोलीत आहे. कॅनडात बनलेला, रशियालाही पाठवायचा म्हणून पाट्यांवर इंग्रजी आणि रशियन अशी दोन्ही अक्षरं असलेला, मूळचा हिरवा रंग जपलेला. तबकड्या, हेडफोन, माइक, सगळं जागेवर. पण तो बोलत नाही. गाडीची बॅटरी असते बारा व्होल्टची आणि या सेटला लागतात शेकड्यांनी. म्हणून दोघांच्या मधे एक लोखंडी पेटी असते. तिच्यात एक मोटर गरगर फिरते आणि बाराचे शेकडो करून सेटला भरवते. नानांकडे ती पेटी नव्हती. चौदा वर्षं ते तिच्या शोधात हिंडत होते. भुसावळचा भंगारबाजार, महूची छावणी, कुठे कुठे जाऊन आले आणि दर वेळी हात हलवत परतले.

पुण्यात इंजिनिअर असलेला त्यांचा मुलगा हितेंद्र म्हणाला होता, "बाबा, घरच्या विजेवर चालवून देतो. एका दुपारचं काम आहे."

"उसन्या श्वासावर बोलणारा रेडिओ मला ऐकायचा नाही," असं म्हणून नानांनी त्याला पुण्याला परत पाठवला. तेव्हापासून धुरपदाबाई, म्हणजे नानांची बायको, त्या सेटवर पापडाचा डबा ठेवते. "निदान काहीतरी कामले येस," असं तिचं म्हणणं.

आणि एक दिवस रावेरकडून भूपेंद्रभाऊंची गाडी गल्लीत शिरली.

भूपेंद्रभाऊंच्या केळीच्या बागा आहेत, ट्रक आहेत, आणि पोटात पुढारीपणाची कळ आहे. गावाच्या वेशीवर ते 'शौर्यद्वार' बांधत होते. त्यांचे आजोबा, म्हणजे आबा, महायुद्धात होते. तिथून आबांनी आणलेला रेडिओ देवघरात होता आणि दर दसऱ्याला शस्त्र म्हणून त्याची पूजा व्हायची. आता तो द्वारावर काचेच्या पेटीत बसणार होता. खाली संगमरवरी पाटी: 'याच यंत्रावरून वीर आबांनी धगधगत्या रणगाड्यातून संदेश दिला.'

"फक्त तज्ज्ञाचं पत्र हवं, नाना," भूपेंद्रभाऊ म्हणाले.

"आधी बघतो, मग पाटीचा मजकूर ठरवू."

"मजकूर कोरून झालाय."

नाना आणि मी रावेरला गेलो. देवघरातून यंत्र आणलं गेलं. यंत्र कसलं, पिवळाधमक ठोकळा! त्यावर कुंकवाचे पाच पट्टे. दर दसऱ्याला पूजेआधी त्याला ऑइलपेंटचा एक हात द्यायची घरची रीत. पंचाहत्तरच्या वर दसरे झाले, म्हणजे तितके हात. ठोकळ्याच्या कडा उशीसारख्या गोल झाल्या होत्या.

नानांनी खिशातून ब्लेड काढलं आणि कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडली. पिवळ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली भगवा, भगव्याखाली हिरवा, मग पांढरा, मग पुन्हा निळा. मधेच एक गुलाबी थर आला, तो गावातल्या शाळेच्या भिंतीवरही आहे. नाना एकेक थर मोठ्यांदा वाचत होते. भूपेंद्रभाऊंना मात्र खोकला लागला. त्यांचे वडील कोणत्या वर्षी कोणत्या पक्षात होते, याची यादी त्या कोपऱ्यात उघडी पडत होती. एका वर्षाला तर दोन थर होते.

"इथं थांबू," नाना सभ्यपणे म्हणाले आणि त्यांनी ठोकळा उलटा केला. देवाच्या बुडाला कोणी रंग देत नाही. तिथं मूळचा हिरवा रंग होता, ठसठशीत आकडे होते आणि चार स्क्रू होते. नानांनी स्क्रू काढून आत बोट घातलं. आत काहीतरी हलकेच फिरलं. नाना उकिडवे होते, ते खाली बसले.

"ओळखलं?" भूपेंद्रभाऊंनी विचारलं.

"दसऱ्याला सांगतो," नाना म्हणाले. ज्या माणसानं आजवर चहा संपायचीही वाट बघितली नव्हती, त्यानं पंधरा दिवसांची मुदत मागितली! गाडीत बसल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "तीच."

रेडिओ नव्हताच तो. चौदा वर्षं शोधत होते, ती मोटरची पेटी होती.

घरी धुरपदाबाईनं निकाल देऊन टाकला. "भंगार शे म्हनी सांगी द्या. त्या फेकी देतीन, तुम्ही उचली लया. सेटवरना मन्हा पापडना डबा खाली उतरी."

तिकडून भूपेंद्रभाऊंचा फोन. "नाना, 'रणगाड्याचा रेडिओ' एवढंच लिहा. द्वारावर तुमचंही नाव टाकतो. यंत्राची देखभालही तुमच्याकडेच. कधीही या, उघडा, जोडा, वाजवा."

म्हणजे बघा, भंगार म्हटलं तर पेटी घरी येणार. रणगाड्याचा रेडिओ म्हटलं तर पेटी हाताशी राहणार. खरं बोललं, तरच ती जाणार होती. देवघरातला देव नुसता मोटरचा डबा आहे असं चारचौघांत सांगणाऱ्याला कोण पेटी देणार? गावाबाहेर सोडलं तरी उपकार.

ते पंधरा दिवस नाना आजारी माणसासारखे वागले. माझ्याकडे आले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "छान आहे." ते घड्याळ मी गेल्याच वर्षी ऑनलाइन मागवलं होतं आणि आजोळचं म्हणून सांगत होतो. माझ्या बायकोनं लगेच त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

दसऱ्याच्या सकाळी नानांनी गाडीच्या डिकीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड ठेवलं. मी बघितलं तसं घाईनं म्हणाले, "नुसता प्लग जुळतो का बघायला." खिशात दोन पत्रं होती. एकात भंगार, दुसऱ्यात रणगाडा.

शौर्यद्वारापाशी मांडव, खुर्च्या, हार घातलेले ट्रॅक्टर. पुढच्या खुर्चीवर भिकुबाई बसलेल्या, आबांची बायको, नव्वदी कधीच ओलांडलेली. ठोकळ्याला ताजा हात दिलेला होता. या वर्षी पिवळाच. नानांना व्यासपीठावर नेत होते, तेवढ्यात भिकुबाईंनी त्यांची बाही धरली.

"भाऊ, हे बोलते का हो? नवी नवरी व्हती तैपासून कुकू लावते मी ह्याले. एक सबद बोललं नाही कधी."

नानांनी खिशात हात घातला, आणि रिकामाच बाहेर काढला. माइकसमोर जाऊन म्हणाले, "हा रेडिओ नाही."

कर्णा कुईं करून ओरडला.

"युद्धातली वस्तू आहे, अस्सल आहे. पण ही बोलणारी नाही. रेडिओ वेगळा असतो. ही त्याला वीज पुरवणारी पेटी. ही बोलणाऱ्याला जेवू घालते."

"माइक बंद करा," भूपेंद्रभाऊ दातांतल्या दातांत म्हणाले. तेही माइकवरूनच ऐकू गेलं.

मागून कोणीतरी विचारलं, "म्हंजे इतके वरीस आपन चार्जरले नारय फोडले का?"

हशा पिकला. आणि सगळ्यांत जास्त हसत होत्या भिकुबाई. पदर तोंडाला लावून, खुर्ची हलेपर्यंत.

"मंग बराबर हाये," त्या म्हणाल्या. "तो बी सैपाकीच व्हता."

"आजी!" भूपेंद्रभाऊ ओरडले.

"आजी काय? पलटनीत पोया लाटे तो. रनगाडा त्यानं लांबून पाह्यला. हे खोकं लिलावात घेतलं व्हतं, ट्रंक समजून. घरी आनलं तं उघडेना. मले म्हने, लोकं हासतीन, लढाईतून आनलं म्हन."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारलं? तुम्ही सांगत गेले, मी आयकत गेली." मग नानांकडे वळून, "तो दुसरा कोठी हाये? जेवनारा?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी डिकीकडे बघितलं.

पुढचा अर्धा तास शौर्यद्वाराचा कार्यक्रम बाजूला पडला. गोधडीतून सेट निघाला. ट्रॅक्टरचा हार बाजूला सारून बॅटरी काढली. छगन पेंटर, ज्यानं या ठोकळ्याला तीस वर्षं रंग दिला होता, तोच एरियलची तार घेऊन निंबावर चढला. नानांनी प्लगच्या भोकांतलं कुंकू दाभणानं टोकरून काढलं. प्लग बसला. नानांनी खटका दाबला.

आधी काहीच नाही. मग पेटीतून जळक्या कापराचा आणि उदबत्तीचा वास आला, इतक्या वर्षांच्या पूजेचा. मग आत मोटर कण्हली, सूर चढत चढत एका जागी स्थिर झाला आणि सेटची तबकडी उजळली. नानांनी हेडफोन भिकुबाईंच्या कानाला लावले.

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "बाई बोलते," शेवटी म्हणाल्या. "भांडत नाही, नीट बोलते."

हेडफोन सभेच्या माइकला टेकवले गेले. खरखरीतून एका बाईचा आवाज मांडवभर पसरला. भाषा कोणालाच कळेना.

"जर्मन!" भूपेंद्रभाऊंनी संधी साधली. "अजून शत्रूचे संदेश पकडते, मंडळी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

नानांनी तोंड उघडलं. ती बाई चिनी आकाशवाणीवरून कसलीशी बातमी वाचत होती, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. भिकुबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बोलू द्या, भाऊ." आणि नानांनी तोंड मिटलं. डब्याबद्दलचं खोटं चारचौघांत चालू द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ.

निकाल भिकुबाईंनीच दिला. "ह्याचं-तिचं जमलं. आता ही सासरी जाईन, जयगावले."

"आणि मी काचेच्या पेटीत काय ठेवू?" भूपेंद्रभाऊ रडकुंडीला आले.

"तुह्या आबाचं लाटनं ठेव."

लाटणं काही ठेवलं नाही. आज तिथं हिरवा रंग दिलेला एक ब्लूटूथ स्पीकर आहे, राष्ट्रीय सणाला त्यावर गाणी लागतात आणि येणारे-जाणारे त्याला नमस्कार करतात. खालची पाटी तशीच आहे. संगमरवर महाग असतो.

पेटीची ओटी भरून पाठवणी झाली. पण भिकुबाईंनी एक अट घातली. दर दसऱ्याला पेटी माहेरी येणार, आणि तिचा रंग खरवडायचा नाही. उलट पूजेआधी रंगाचा हात द्यायचा, आणि तो नानांनी द्यायचा. जन्मभर दुसऱ्यांचे रंग खरवडलेल्या माणसाला ही शिक्षा! पण नाना "हो" म्हणाले. त्यांचा सेट बोलत होता. त्या क्षणी कोणी गल्ली रंगवायला सांगितली असती, तरी हो म्हणाले असते.

आता संध्याकाळी नानांच्या मागच्या खोलीतून मोटरचा सूर येतो, मग खरखर, मग त्या बाईचा आवाज. धुरपदाबाईनं पापडाचा डबा काढून घेतलाय. "चांगली बोलस ती," असं म्हणते, "तुमना मधे नही बोलस."

यंदा दसऱ्याच्या आधी रावेरहून भूपेंद्रभाऊंनी धाडलेला रंगाचा डबा आला. नानांनी ओट्यावर बसून झाकण उचकटलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आत पिवळा नव्हता. निळा होता, गडद.

नानांनी ब्रश बुडवला आणि गप्प बसून पहिला हात मारला.

चार दिवसांनी पेपरात बातमी आली, की भूपेंद्रभाऊंनी पक्ष बदलला. आमच्या गल्लीत ती कोणी वाचलीसुद्धा नाही.