कोणत्या वारी बसते?

कुरखेड्यात नेट कॅफे नवं होतं तेव्हाची गोष्ट. कपड्यांच्या एका वेबसाइटवर मला निळा सुती ड्रेस आवडला. कंपनीचं नाव आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं आणि पैसे आधी भरायचे होते, म्हणून दाखवायला आईला सोबत नेलं. तिने ड्रेसकडे धड पाहिलंही नाही.

"हा दुकानवाला कोणत्या वारी बसते? कुठी बसते?" तिने विचारलं.

आमच्याकडचा कापडवाला आठवडाभर गावोगावचे बाजार करायचा, पण प्रत्येक गावात त्याचा वार आणि बसायचं झाड ठरलेलं असायचं. रंग गेला की पुढच्या बाजारी कापड त्याच्यापुढे नेऊन टाकायचं. आईचा विश्वास कापडावर कधी नव्हताच, तो त्या झाडावर होता.

मी चिडले, पण कुतूहलही वाटलं. साइटवर पत्ता शोधला तर सापडेना. प्रश्न विचारायला एक चौकट होती, तिच्यात मी खरंच लिहिलं: तुम्ही कुठे बसता आणि कोणत्या वारी?

पुढच्या खेपेला उत्तर आलेलं होतं. आम्ही सगळीकडे आहोत, रोज, चोवीस तास.

घरी येऊन मी ते आईला जरा तोऱ्यातच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"रोज बसते," ती म्हणाली, "तर मंग माल आणाले कवा जाते?"

मी तोही प्रश्न चौकटीत टाकला. चोवीस तास बसणाऱ्याचं उत्तर येईपर्यंत ड्रेसचे पैसे भरायचे नाहीत, असं ठरवलं.