खड्डे तसेच ठेवलेल्या चाव्या

मे महिन्यातला तो मंगळवार मनातून गेलेला नाही. चोरीच्या मालाची किंमत सात हजार रुपये. पोलीस ठाण्यात तपासाला मी, ठाणे अंमलदार आणि गव्हाणहून आलेली एक बाई. तिचा नवरा हळदी-लग्नात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तो जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरातून फक्त त्याचं क्लॅरिनेट चोरीला गेलं होतं.

"ओळखणार कसं?" मी विचारलं.

"वाजवताना दाबायच्या चाव्यांना बोट लावला का मना कलतंय, सायेब. त्यांच्या बोटांनी खड्डे परलेत."

पंधरा दिवसांनी खबर मिळाली. पनवेलात देवाच्या मूर्तींना चांदीचं पाणी चढवणाऱ्या कारागिराकडे क्लॅरिनेटच्या चाव्या आल्या होत्या. मी जबाब घेतला.

"जुनं निकेल उतरवून चांदी द्या म्हणाले. वर घासून सपाट करू नका. मी म्हटलं, काका, खड्डे दिसतील. तर म्हणे, दिसू देत. सहाशे रुपये बाकी आहेत अजून, नाव-पत्ता मात्र घेतला नाही."

विकायचा माल चोर चकचकीत करतो. खड्डे जपणारा माणूस घरोब्यातलाच असणार. त्याच बँडमध्ये वर्षानुवर्षं शेजारी उभा राहून वाजवणाऱ्याला मी बोलावलं. चोरी त्याने लगेच कबूल केली.

"खड्डे कशाला ठेवलेत?"

"माजी बोटं ठेवून बगतो. बसत नाय. त्याची जाडी व्हती." मग म्हणाला, "निकेलनं त्याला खाज यायची. चांदी करू, दर वर्साला बोलायचा. राहून गेला."

"मागून न्यायचं होतं."

"मागायलाच गेलतो. वयनी नुसती रडली. पानी आनाया आत गेली, तवा उचलला."

ओळख पटवताना बाईने डोळे मिटून चाव्यांवर बोटं ठेवली. "त्यांचाच हाय." चांदीचं कळल्यावर कारागिराचे किती द्यायचे राहिलेत ते तिने विचारून घेतलं. तिने मागितलेल्या तडजोडीला न्यायालयाने परवानगी दिली, मुद्देमाल तिला परत मिळाला.

चोराने काय नेलं याइतकंच, नेल्यावर त्याचं काय केलं हेही बघायला मी या गुन्ह्यात शिकलो.

क्लॅरिनेट घेऊन बाई थेट कारागिराकडे गेली. राहिलेले सहाशे तिने मोजून दिले.

"ज्यानं काम दिलं त्याच्याकडून घेतो ना, ताई," तो म्हणाला.

"काम यांचा व्हता," ती म्हणाली, आणि पावती नवऱ्याच्या नावाने करून घेतली.