एकादशीची रताळी

आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणायला लागली, "माझं तिकीट प्रीपोन कर. इथे करमत नाही गं." अमेरिकेतल्या डब्लिनच्या आमच्या कॉलनीत दिवसभर चिटपाखरू नसायचं, ते मलाही दिसत होतं. पण इतकी वर्षं विनवण्या केल्यावर आलेली आई अशी परत निघाली म्हणून मला रडूही येत होतं आणि रागही.

त्या शनिवारी नवऱ्याने शेजारच्या कोलंबस शहरात जायचं काढलं. तिथल्या एका छोट्या पेरुव्हियन हॉटेलातल्या निखाऱ्यावर भाजलेल्या चिकनवर त्याचा भारी जीव, आणि खिशालाही परवडायचं. बसलो, मेन्यू उघडले, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही खा. माझी आज एकादशी आहे."

"अगं, मग घरी नाही का सांगायचं?"

"तुमचा मूड कशाला घालवू?"

घालवलास ना आता! मी तणतणत काउंटरवर गेले. मालकीणबाईंना उपास कसा समजावणार? भात नाही, ब्रेड नाही, कांदा नाही, चिकन तर नाहीच नाही. बटाटा चालेल, रताळं चालेल, शेंगदाणे चालतील. बाई हसायलाच लागल्या. "हे तर सगळं मूळचं आमच्याच मुलखातलं!" असं इंग्रजीत म्हणून आत गेल्या.

वाफाळते बटाटे आले, उकडलेली रताळी, खारे दाणे, हिरव्या मिरच्या, लिंबू. आईने दाण्यांकडे बघितलं आणि बाईंना हाताने कुटायची खूण केली. बाईंनी आतून चक्क दगडी खलबत्ता आणला.

"अगं बाई, यांच्याकडे खल आहे!" आई उठलीच. पदर खोचून तिने तिथेच मिरची ठेचली, दाण्याचं कूट केलं, बटाट्यावर घालून लिंबू पिळलं आणि पहिली बशी बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती संपवून आणखी मागितलं. मग दोघी शेजारी बसून, एकीची मराठी आणि दुसरीची स्पॅनिश, खिदळत बोलत राहिल्या. नवरा चिकन विसरून बघत होता. छे, विसरतोय कसला, अख्खं संपवलं होतं त्याने!

गाडीत मी घाबरत घाबरतच विचारलं, "आई, सोमवारी तिकिटाचं बघू ना?"

"कसलं तिकीट?" सीटबेल्टशी झटापट करत ती म्हणाली. "पुढच्या एकादशीला खिचडी आणते म्हणून सांगितलंय मी तिला. साबुदाणा आहे ना घरात?"